दुपारच्या झोपेचा नियम

त्रोंग आणि लोआन यांचं पहिल्या दिवसापासून विळ्याभोपळ्याचं सख्य. तो सायगॉनच्या मुख्य कचेरीतून 'का माउ' शहरातल्या कोळंबी कारखान्यात साहेब होऊन आलेला. ती इथलीच, कित्येक वर्षं कारखान्याचं नेटवर्क सांभाळणारी.

त्यानं येतायेता नवं सॉफ्टवेअर आणलं. नेटवर्कवर कोणकोणती उपकरणं आहेत ते त्यात दिसायचं, पण निम्म्यांपुढे नुसतं 'अनोळखी'. त्रोंगनं फर्मावलं, आपले स्वतःचे दोन वर्ग बनव: कारखान्याची यंत्रं आणि लोकांची खासगी. खासगी ती सगळी शनिवारी नेटवर्कबाहेर.

"आणि जमत नसेल तर सांग, लोआनताई. जमणारी माणसं सायगॉनमध्ये पैशाला पासरी मिळतात."

एकेका उपकरणापाशी जाऊन बघणं हाच खरा मार्ग. पण लोआनचं डोकं तापलं होतं, आणि तापल्या डोक्यात युक्त्या फार लवकर शिजतात. दुपारी भात खाल्ला की अख्खा कारखाना चटया टाकतो, दिवे मालवतो आणि घोरतो. मोठे साहेबसुद्धा टेबलाखाली पाय पसरतात. त्या वेळी नेटवर्कवर गप्प होतं ते माणसाचं, जागं राहतं ते यंत्र. तिनं सॉफ्टवेअरला हाच नियम घालून दिला, आणि अनोळखी उपकरणं भराभर दोन वर्गांत जाऊन बसली. त्रोंगला खोट काढता येईना. त्यानं नाइलाजानं मंजुरी दिली. त्याचं पडलेलं तोंड बघून लोआनला फार बरं वाटलं.

रविवारी तीन नंबरचं शीतगृह बंद पडलं. इशारा आलाच नाही. सोमवारी दार उघडलं तेव्हा सडक्या कोळंबीच्या वासानं माणसं नाक धरून मागे पळाली. इशारा देणारा तापमापक 'खासगी' ठरून शनिवारीच बाहेर फेकला गेला होता, कारण तो रोज दुपारी गप्प व्हायचा. पहारेकरी साउकाका झोपताना त्याचा प्लग काढून तिथे आपला पंखा लावायचा. भिंतीत सॉकेट एकच होतं.

त्रोंगनं तिला बोलावून दार लावून घेतलं. मोठ्या साहेबांसमोर तिनं म्हणायचं, नियम ठीक होता, म्हाताऱ्यानं प्लग काढला.

"म्हातारा जाईल, तू राहशील."

"आणि मंजुरी कोणी दिली, तेही सांगू का?"

"सांग की. मग घरी बसून भात शिजव."

लोआन तणतणत शीतगृहाकडे गेली, काकाला चार शब्द सुनावायला. तो कुजका माल फावड्यानं ओढत होता. त्यानं मान वर केली नाही.

"नियम करायच्या आधी एकदा इथं आली असतीस, पोरी, तर पंखा दिसला असता. तुझ्या खुर्चीपासून फार लांब आहे का हे?"

लांब नव्हतं. तिला स्वतःचाच संताप आला.

तिनं मोठ्या साहेबांना सगळं जसंच्या तसं सांगितलं: नियम माझा, मंजुरी त्रोंगची, आणि बघायला आमच्यापैकी कोणीच गेलं नाही. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. संध्याकाळी लोआन आणि साउकाका, दोघांनाही कामावरून काढलं. त्रोंग मुख्य कचेरीचा माणूस. त्याच्या केसालाही धक्का लागला नाही.

फाटकाबाहेर काका दिसला तशी लोआननं मोपेड थांबवली आणि मागे बसा म्हणाली. बरं केलंस, एवढं तरी तिला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

"खरं बोलून काय मिळवलंस?" तो म्हणाला. "मला तर ते काढणारच होते. खोटं बोलली असतीस, तर निदान एका घरची चूल पेटती राहिली असती."

तो मागे बसला नाही. होडीच्या धक्क्याकडे चालत गेला, आणि लोआन गाडी चालू ठेवून तिथेच उभी राहिली.