चौथ्या मजल्यावरचा गडगा

मी एक जुना गडगा आहे. खरे सांगायचे तर गडग्यातला उरलेला एक दगड आहे. पण ज्या घराण्यातून आलो त्याचे नाव टाकून देण्याची आमच्यात रीत नाही. तेव्हा मित्रांनो, नीट बसा आणि ऐका. जे सांगायचे ते मी एकदाच सांगेन.

युकातानमधल्या एका मध्यम शहराच्या कडेला, जिथे वस्ती संपून घायपाताची शेते सुरू होत, तिथे एलेउतेरिओ चुक नावाच्या मजुराने मला रचले. दगड त्याच्याच जमिनीतले. आमच्याकडे कुदळ मारली की मातीआधी चुनखडीच लागते. मोठे दगड पायाशी, मधले त्यांच्यावर, आणि फटींत मुठीएवढ्या चिपा. जोडायला माती नाही, सिमेंट तर नाहीच. वाऱ्याला वाट ठेवली की तो ढकलत नाही, असे एलेउतेरिओ आपल्या मुलाला शिकवी. पुढे चक्रीवादळे आली, विटांच्या भिंती आडव्या झाल्या, आणि माझ्यातून मात्र वारा शीळ घालत निघून गेला. लोक मला पाहायला येत. मला त्याचा गर्व होता आणि तो मी कधी लपवला नाही.

एरवी माझे काम साधेच होते. शेजाऱ्यांची डुकरे बाहेर ठेवायची आणि घरच्या टर्की आत. परंतु वर्षातून एकदा, हानाल पिशानच्या दिवसांत, म्हणजे पितर जेवायला घरी येतात तेव्हा, माझा मान मोठा असे. त्याआधी मला चुना लावीत. घर मळकट दिसले तर पितर जेवण सोडून केर काढत बसतात, ही आमच्याकडची पक्की समजूत. दिवसभर राबून मेलेल्या माणसाच्या हाती पुन्हा केरसुणी कोण देईल? मग तिन्हीसांजेला माझ्या माथ्यावर मेणबत्त्या लागत. त्या उजेडाने पितरांना आपले दार सापडे.

एलेउतेरिओ गेला, त्याचा मुलगा गेला आणि घर सुनेकडे, दोन्या फिदेलियाकडे आले; आमच्याकडे बाईला मानाने दोन्या म्हणतात आणि पुरुषाला दोन. ती पोलक्यांवर फुले भरून विकी. रोसेंदा आणि नासारिओ ही तिची दोन मुले. नासारिओ लहानपणी माझ्या पाठीवर घोड्यासारखा बसत असे. माझ्यातला सर्वांत गुळगुळीत दगड त्याच्याच बैठकीने गुळगुळीत झाला आहे.

दरम्यान शहर वाढले. आधी खेड्यांतून माणसे आली, मग राजधानीतून आली, मग परदेशातून म्हातारपण घालवायला आली. घायपात उपटले गेले आणि त्या जागी घरे उगवली. गल्ली डांबरी झाली. नळाला पहाटे तासभर करंगळीएवढी धार येऊ लागली. आमच्या समोर चौदा मजल्यांची इमारत उभी राहिली आणि तिच्या परांचीवर गवंडीकाम करायला नासारिओ जाऊ लागला. जेवणाच्या सुट्टीत तो नवव्या मजल्यावरून आईला हात करी. एका फेब्रुवारीत परांची सुटली. पुढचे मी सांगणार नाही. मी समोरच होतो.

त्या वर्षी नासारिओ प्रथमच पितर होऊन येणार होता. दोन्या फिदेलियाने महिनाभर आधीच कंबर कसली. माझे ढासळलेले टोक तिने पुन्हा रचले, फटींत नव्या चिपा ठोकल्या आणि चुन्याचे तीन हात दिले. पलीकडचा शेजारी विल्बेर्त, मानाने दोन विल्बेर्त, हे सगळे खुर्चीत बसून पाहत होता. त्याच्या मुलीची ती धर्ममाता, म्हणून तो तिला कोमाद्रे म्हणे.

"कोमाद्रे, गडग्याचं लग्नबिग्न काढलंय की काय?"

"बसल्या जागी दात काढण्यापेक्षा बादली धर जरा," ती म्हणाली. "पोरगं दमून यायचं. त्याला काम दिसता कामा नये."

दोन विल्बेर्त उठला आणि त्याने बादली धरली.

पितर यायच्या आदल्या दिवशी पालिकेचा मोजणीदार आला. शहर वाढले, गल्लीचा भाव वाढला, म्हणून घरपट्टी नव्याने ठरायची होती. त्याने माझ्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फीत धरली. मुलगा सभ्य होता. असा गडगा आता शहरात कुठे राहिला नाही, असे तो म्हणाला आणि हे काम कधी केले म्हणून त्याने विचारले.

इथे, मित्रांनो, आमचा घात झाला. हिशेबी बाई असती तर तिने सुस्कारा सोडून पडझड दाखवली असती. दोन्या फिदेलियाने मान ताठ केली.

"परवाच संपवलं. माझ्या या हातांनी. एक दगड हलवून दाखव."

तिने त्याला कपभर गरम चॉकलेटही पाजले. त्याने कागदावर लिहिले : दर्शनी भाग उत्तम, दुरुस्ती नुकतीच. आयुष्यभर मला स्तुती आवडली. त्या एका स्तुतीने घर बुडाले.

दुसऱ्या रात्री पितरांसाठी लावलेल्या मेणबत्त्या मात्र वाया गेल्या नाहीत. जमिनीत पुरून भाजलेला पिब, म्हणजे कोंबडी भरलेला मक्याचा जाड रोट, नासारिओला आवडे तसा तिखट आणि कडा करपवलेला, मेजावर मांडला होता. सकाळी दोन्या फिदेलिया माझ्यापाशी आली, गुळगुळीत दगडावर हात ठेवून म्हणाली, "आला होता." मी दगड आहे, मला याहून जास्त विचारू नका.

जानेवारीत पट्टीचा कागद आला. रक्कम पूर्वीच्या चौपट होती. वर्षभर पोलकी भरली असती तरी ती निघाली नसती. ती पालिकेत गेली, तीन दिवस रांगेत उभी राहिली. बांधकाम मोडकळीस आले असेल तरच फेरतपासणी होते, असे खिडकीतून तिला सांगण्यात आले.

"मग मोडकळीस आण," दोन विल्बेर्त म्हणाला. तो या वेळी हसत नव्हता. "गडगा पाड, कोमाद्रे. घर तरी राहील."

आठ दिवस ती माझ्याकडे पाहीना. नवव्या दिवशी दुपारी पहार घेऊन आली. ज्या हातांनी रचले त्याच हातांनी तिने मला उपसले. चुना दिसू नये म्हणून दगडांवर लाल माती फासली. एकेक दगड पडताना ती एलेउतेरिओचे नाव घेऊन माझी माफी मागत होती. मी पडलो. कुठल्याही वादळापुढे जो पडला नव्हता, तो मी एका म्हातारीच्या पहारीपुढे राजीखुशीने पडलो, कारण त्यात घर वाचणार होते.

फेरतपासणीला दुसराच माणूस आला. त्याने ढिगाऱ्याभोवती चक्कर मारली, मागच्या घराकडे पाहिलेही नाही आणि लिहिले : पडीक जागा. वाढत्या शहरात कुणी जागा पडीक ठेवू नये, म्हणून पडीक जागेवर पट्टी दुप्पट असते. हे आम्हांला ठाऊक नव्हते. आम्हांला रचणे ठाऊक होते.

मित्रांनो, माझे पडणेसुद्धा फुकट गेले.

ऑगस्टमध्ये घर विकले गेले. रोसेंदा शहराच्या दुसऱ्या टोकाला, नव्या वसाहतीत चौथ्या मजल्यावर राहते. तिने आईला न्यायला बस गाठली. दोन्या फिदेलियाने गाठोडे लेकीच्या हाती दिले आणि गुळगुळीत दगड, म्हणजे मला, स्वतःच्या कवेत घेतले.

"आई, बसमधून दगड कोण नेतं?"

"तिकीट काढीन त्याचं," ती म्हणाली, आणि सबंध वाट मला मांडीवर घेऊन बसली.

आज पुन्हा पितरांचे दिवस आले आहेत. मी सज्ज्यात आहे. तिने मला चुना लावला आहे, तीन हात. सांज होत आहे आणि माझ्यावर एकच मेणबत्ती आहे, कारण दुसरीला जागा नाही. खाली शेकडो सज्जे आहेत, सगळे एकसारखे. आमच्या जुन्या जागी पत्र्याचे कुंपण आहे, असे दोन विल्बेर्त सांगून गेला. पितर जुन्याच वाटेने येतात. त्यांना नवा पत्ता कुणी कळवत नाही.

म्हणून तुम्हांला सांगतो, आणि हे विनंती म्हणून नव्हे, आज्ञा म्हणून ऐका. उद्या तुमच्या हाती फीत येईल, कागद येईल, शहर मोजायचे काम येईल. तेव्हा एखाद्या गडग्याचा चुना ताजा दिसला, तर तो कुणासाठी लावला आहे हे आधी विचारा आणि मगच लिहा.

आणि आज रात्री त्या पत्र्याच्या कुंपणाशी, बुटांना सिमेंट लागलेला, डोक्याचा रुमाल सुटलेला एखादा तरुण आपले दार शोधत उभा दिसला, तर भिऊ नका. त्याला सांगा की आई चौथ्या मजल्यावर आहे. केर काढून झाला आहे. नुसते जेवायला ये.