खुंटावरची टोपी

फेब्रुवारीची वीस तारीख, हंगामाचा शेवटचा दिवस, आणि वारा असा पिसाळलेला की एकही बदक उंचावरून जाऊ शकणार नव्हतं. शिकाऱ्याला आणखी काय हवं? मी पहाटे उठले तीच हसत. हेस्टर म्हणाली, "एवढे दात काढू नकोस विनी, दातांना थंडी वाजेल."

हेस्टर माझी थोरली बहीण. अडुसष्ट वर्षांची, काठीसारखी वाळकी, आणि सगळ्या जगाला शहाणं करायचा मक्ता आपल्याकडेच आहे असं समजणारी. आमच्या दोघींची पैज फार जुनी आहे. सबंध हंगामात जिची बदकं कमी, तिनं शेवटच्या दिवशीच्या सगळ्या बदकांची पिसं काढायची. आजवर पिसं मीच काढत आले. नाकात पिसं, चहात पिसं, ईस्टर उलटला तरी उशीवर पिसं. यंदा मात्र देव जागा झाला होता आणि त्या सकाळी आमची बरोबरी होती.

आमच्या एसेक्सच्या खाडीत बदकांपेक्षा चिखलाचीच भीती जास्त. वरून दिसतो गुळगुळीत, पण पाय टाकला की मांडीपर्यंत गिळतो आणि सोडत नाही. त्यात भरतीचं पाणी कुठून कसं मागे येईल त्याचा नेम नाही, आणि हिवाळ्यात ते पाणी माणसाला बुडवायच्या आधी गारठवूनच मारतं. म्हणून आम्ही बुटांखाली रुंद लाकडी फळ्या बांधून चिखलावरून फताक फताक चालतो. छातीपर्यंतची रबरी विजार घालतो, आणि ती पाण्यानं भरू नये म्हणून कमरेला पट्टा करकचून आवळतो.

आणि टोपी टांगतो. समुद्र अडवणाऱ्या बांधाच्या पायथ्याशी एक जुना खुंट आहे. चिखलात उतरण्याआधी प्रत्येकानं आपली टोपी त्याच्या खिळ्याला अडकवायची, परत आल्यावर काढून घ्यायची. पाणी खुंटाला लागलं आणि टोपी अजून तिथंच असली, की समजायचं, कुणीतरी आत राहिलंय. डोक्याला थंडी वाजते म्हणून कुरकुर करणाऱ्यांना हेस्टर सांगते की कानाला फडकं बांधा, नाहीतर घरी बसा. मी लहान असताना एकदा टोपी न टांगता उतरले, तर तिनं मला टपल्या मारत परत आणलं होतं. खुंटाची राखण रूबेन मॉसकडे. शिकार सोडल्यापासून तो बांधाच्या टोकाला आपल्या चपट्या होडीजवळ बसून असतो आणि दुर्बिणीतून बदकांऐवजी आमच्या टोप्या मोजतो. गावात त्याला सगळे भोचक म्हणतात. मीही म्हणायचे.

त्या दिवशी आमची कुत्री टॅन्सी माझ्या वाट्याला होती. दोन टोप्या टांगून आम्ही उतरलो. हेस्टर ओढ्याच्या अलीकडे बसली, मी पलीकडे. उजाडायला लागलं आणि आली की हो! तांबड्या डोक्याची बदकं, शिट्ट्या घालत, वाऱ्याशी झुंजत, थेट डोक्यावरून. एक पाडलं. हेस्टरच्या बाजूनं बार झाला, तिचंही एक पडलं. मी दुसरं पाडलं. लगेच तिकडून दुसरा बार! टॅन्सी चिखलातून झेपा घेत पक्षी आणत होती, दोघींचेही, आणि मी वेड्यासारखी एकटीच हसत होते. असली सकाळ वर्षातून एकदा मिळाली तरी म्हातारपण झक मारतं.

मग चढत्या पाण्यानं, भरतीची खूण म्हणून रोवलेल्या पहिल्या काठीला स्पर्श केला. म्हणजे उठायचं, मग डोक्यावर बदकांचा पाऊस का पडेना. बरोबरी अजून कायम होती. मी पक्ष्यांना भुलवायला मांडलेली लाकडी बदकं गोळा करत होते तेवढ्यात बांधाच्या बाजूनं आणखी एक बार ऐकू आला आणि माझा जीव चरफडला. थेरडीनं जाता जाता डाव साधला म्हणायचा. पिसं पुन्हा माझ्याच नशिबी.

खुंटापाशी आले तर हेस्टरची टोपी नव्हती. म्हणजे बाई सुखरूप वर पोचल्या, चहा टाकून मिशीत हसत बसल्या असतील. मी माझी टोपी ओरबाडून डोक्यावर घातली आणि बांधापलीकडच्या झोपडीत गेले. शेगडी गार. किटली रिकामी. हेस्टरचा पत्ता नाही. तिच्या फळ्या मात्र भिंतीला टेकवलेल्या होत्या.

टॅन्सी आत यायलाच तयार होईना. बांधावर उभी राहून चिखलाकडे नाक करून कुंईकुंई करत होती. मी तिच्याजवळ गेले, आणि वाऱ्यावरून एक शिवी आली. आमच्या वडिलांची खास शिवी, गावात दुसरं कुणी देत नाही. कुणाला हाक नाही, मदतीची याचना नाही, बाई एका बदकाला शिव्या देत होत्या.

काय झालं ते न सांगताच कळलं. हेस्टर वर आली, टोपी घेतली, फळ्या सोडल्या. तेवढ्यात डोक्यावरून ते बदक गेलं. तिनं पाडलं, पण नुसता पंख मोडला. जखमी पक्षी टाकून यायचा नाही हा आमच्याकडचा धर्मच आहे, शिवाय हे बदक पैज जिंकून देणारं. चार पावलांवर तर आहे, म्हणून बाई तशाच गेल्या. टोपी डोक्यावर, फळ्या झोपडीत. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

माझ्या फळ्या अजून पायातच होत्या; मी तिच्या काखोटीला मारल्या, दोर घेतला आणि धावत सुटले. खुंट ओलांडला. दोन पावलं पुढं गेले आणि थांबले. बहीण रुतलेली, पाणी चढतंय, आणि माझे पाय मला मागे ओढत होते. स्वतःला शिव्या देत मी परत फिरले, टोपी खिळ्याला अडकवली आणि मग चिखलात शिरले.

बांधाच्या वळणाआड, मला येताना दिसली नव्हती अशा जागी, हेस्टर मांडीपर्यंत आत होती. भोवती पाण्याच्या जिभा सरपटत होत्या. मी दिसताच तिनं पहिला हुकूम सोडला. "तिथंच थांब! माझ्याजवळ उभी राहू नकोस, आडवी हो. मला ओढू नकोस, खांदा उखडशील."

"तू गप बस," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले.

ती खरंच गप बसली, आणि मला जास्तच भीती वाटली.

मी पोटावर आडवी झाले आणि तिच्या फळ्या तिच्यापुढं सरकवल्या. तिनं बंदूक माझ्याकडं दिली, छाती फळ्यांवर टेकवली आणि एक पाय हलवायला लागली. उपटायचा नाही, नुसता घुसळायचा, म्हणजे कडेनं पाणी आत शिरतं आणि चिखलाची पकड सुटते. पाणी आता भरपूर होतं, तेवढं बरं. उजवा पाय सुटला. डावा हलेना. पाणी तिच्या कमरेला लागलं, माझ्या हनुवटीला. श्वास छातीतच अडकत होता. बोटं तर माझी राहिलीच नव्हती, पट्ट्याची कडी मला उघडेना.

"चाकू," हेस्टर म्हणाली. तिचे शब्द जड व्हायला लागले होते. "काप. विजार जाऊ दे."

पट्टा कापला, खांद्यावरचे बंद कापले. पाणी भसकन विजारीत घुसलं आणि ती किंचाळली. आता वेळ अगदी थोडा होता. मी दोर तिच्या काखेतून घालायला गेले, पण गाठ बसेना. हातांचे नुसते लाकडाचे ठोकळे झाले होते. हेस्टरनं डोळे मिटले. मी तिला हलवलं, तिच्या कानात ओरडले, तिला नको नको ते बोलले. ही मेली तर मी पिसं कुणाची काढू, एवढाच विचार मनात येत होता. आता सांगताना हसू येतं, तेव्हा रडत होते.

आणि मागून वल्ह्याचा आवाज आला.

रूबेन! त्याची चपटी होडी चिखलावरच्या वीतभर पाण्यातून घसरत येत होती. त्यानं काही विचारलं नाही. दोर हेस्टरच्या काखेतून घातला, होडीच्या कडेवर तिला टेकवलं, आणि आम्ही हळूहळू, झटका न देता, तिला त्या विजारीतून बाहेर काढलं. बूट, विजार सगळं चिखलाला अर्पण. लोकरीच्या चड्डीतली हेस्टर मासळीसारखी होडीत पडली. मला इतका आनंद झाला की मी रूबेनच्या टकलाचा मुका घेतला.

झोपडीत तिचे ओले कपडे उतरवले, कोरड्या घोंगड्यांत गुंडाळलं, मी स्वतः तिला चिकटून बसले. रूबेननं रमची बाटली काढली तेव्हा तिला धड बोलता येत नव्हतं, तरी तिनं ती हातानं दूर सारली. दारूनं अंगातली उरलीसुरली ऊब पळून जाते, हे तिनंच सगळ्यांना शिकवलं होतं. गोड चहा मात्र तिनं घोट घोट घेतला. दरम्यान टॅन्सी ते बदक तोंडात धरून दारात येऊन उभी राहिली. कुणी पाठवलं नव्हतं. रूबेननं लगेच त्याचे हाल संपवले.

हेस्टरची थरथर थांबली तेव्हा तिनं त्याला विचारलं, तू कसा काय आलास.

"टोपी दिसली," रूबेन म्हणाला. "पाणी खुंटाला लागलं, तरी एक टोपी होती. विनीची."

हेस्टर माझ्याकडं वळली. "मी रुतलेली असताना तू टोपी टांगायला परत गेलीस?"

"हो."

"माझी तर डोक्यावरच होती."

माझी टोपी तोवर भरतीनं नेली होती.

संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात बदकांचा ढीग टेबलावर होता. हेस्टरचं एक जास्त, ती जिंकली होती. मी मुकाट्यानं पदर खोचावा तसा एप्रन बांधला. हेस्टरनं आपली जुनी टोपी काढली, माझ्या डोक्यावर ठेवली आणि कानांपर्यंत ओढली. मग ढीग स्वतःकडं ओढून घेतला, माझाही आणि तिचाही, आणि पिसं काढायला बसली.