नाचातलं ऊन

बोलायची मला हौस नाही. थाप पडली की आवाज करायचा, एवढंच माझं काम. पण ही आलिता सकाळपासून माझ्या फळीला कान लावून बसलीय. "बोल की रे म्हाताऱ्या, तुझंही लिहून घेते." हटत नाही. बरं, ऐका एकदाचं. मी खोका बोलतोय, नाचाचा खोका. जहाजावर साबणाचा होतो, पण तो गेला जन्म.

पॅसिफिकातल्या तुवालूच्या या बेटाला लागलो तेव्हा गावातल्या पुआकेनाच्या नवऱ्यानं मला फोडलं, फळ्या तासल्या, पुन्हा ठोकून सभामंडपात मधोमध उपडा घातला. त्या माणसाचा तळवा म्हणजे फावडं! आमचा फातेले नाच हळू सुरू होतो. गाणं तेच, पण लय चढत जाते, चढतच जाते, बायांचे झगे नुसते सळसळतात, आणि ऐन भरात एका थापेवर सगळं गप्प. ती शेवटची थाप अंगात घुमत राहते. मग स्वस्थ कसं बसवेल? मला तर आजही बसवत नाही.

पुआकेनाचा नवरा गेला. मागून वादळात मंडपही गेला. गावप्रमुख इयाकोबानं नवा बांधला, पत्र्याचा. जुन्याचं तोंड मावळतीला होतं, यानं चर्चकडं केलं, उगवतीला. प्लायवुडचा नवा खोका आणला आणि मला लाथेनं सरकवून म्हणाला, "याचा आवाज फुटलाय. कोंबड्यांना द्या." दिला. ज्याच्या तालावर गाव नाचलं त्याच्यात अंडी!

पुढं समुद्र आत शिरला. पुलाका कंदाचे खड्डे खारे झाले, विहिरी खाऱ्या झाल्या. पाऊस फिरकेना, टाक्या खडखडीत. इयाकोबानं ठरवलं, म्हाताऱ्यांना येत्या बोटीनं राजधानीला, फुनाफुटीला धाडायचं. पुआकेना हटून बसली.

"माझ्या माणसाचं थडगं अंगणात आहे. मी हलणार नाही. पाणी आहे इथं, आमच्या नाचात सांगितलंय."

"मग नाच पिऊन दाखव," इयाकोबा म्हणाला. लोक फिदीफिदी हसले. म्हातारी घरात गेली, पण बोचकं काही बांधलं नाही.

तेवढ्यात तिची नात आली, हीच आलिता. फिजीत, सुवाच्या विद्यापीठात नाचून संशोधन करते म्हणे.

"नाचायची फी घेतात का गं तिथं?" इयाकोबानं टोमणा मारला.

"घेतात काका. तुमच्या गुडघ्यांना परवडणार नाही," ही म्हणाली. "जे कुणाला सांगता येत नाही, ते मी अंगाला विचारते."

संध्याकाळच्या नाचातलं जुनं गाणं असं: समुद्र आत आला, आयांनी इथं खणलं, पाणी लागलं. 'इथं' म्हणताना उजवा हात लांब जातो. नव्या मंडपात तो जायचा थेट समुद्रावर. म्हणून तर सगळे हसले.

दोघी माझ्या खुराड्यापुढंच नाचायला लागल्या. आजी पुढं, नात मागं, सावलीसारखी. पुन्हा, पुन्हा, पुन्हा. मी आत तळमळतोय, थाप मारायला कुणी नाही, आणि डोक्यावर कोंबडी. आलिता एकदम थांबली.

"आजी, 'इथं' म्हणताना तू डोळे बारीक का करतेस?"

"नाचच तसा आहे. सगळ्या पोरी करतात."

"मीही करते. पण माझ्या गालांना ते पटत नाही गं. नाचताना तोंड कशाला आवळायचं?"

"अगं, ऊन येतं ना डोळ्यांवर."

"कुठलं ऊन? संध्याकाळचं ऊन तर मंडपात आपल्या पाठीवर असतं."

म्हातारी मग ओरडली, "मंडप फिरला गं! आम्ही त्याच्यासोबत फिरलो आणि डोळे मात्र तिथंच राहिले. काढा तो जुना खोका! त्या प्लायवुडवर माझे पाय ऐकत नाहीत."

कोंबड्या हुसकल्या. विष्ठेसकट मला जुन्या मंडपाच्या जागेवर नेऊन ठेवलं. ऊन कलल्यावर पुआकेना मावळतीकडं तोंड करून उभी राहिली. तिच्या भाच्यांनी थापा टाकल्या, लय चढली, माझी तडकलेली फळी किंचाळत होती. गाव गोळा झालं. शेवटच्या थापेला आजीच्या डोळ्यांवर ऊन आलं, डोळे बारीक झाले आणि हात गेला केवड्याच्या राईकडं. समुद्र राहिला डावीकडं.

सकाळी तिथं खणलं. आधी नुसती प्रवाळाची खडी, मग ओल, मग पाणी. करवंटीभर पाणी आजीनं तोंडात घोळवलं. सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते.

"मचूळ आहे जरा," ती म्हणाली. "पण पोटात राहील."

बोट आली तशी रिकामी गेली.

आता मी परत मंडपात आहे. हा एक नाच असला की मला बाहेर नेतात, उन्हात. एरवी कोंबड्या अजून मला शोधत येतात आणि माझा जीव वरखाली होतो. तुमच्याकडं माझ्यासारखं कुणी म्हातारं पडलं असेल, तर त्यात अंडी घालायच्या आधी एक थाप मारून बघा.

सारं गाव माझ्यापाशी आलं, माझ्यावर हात ठेवून गेलं. एकजण मात्र त्याच विहिरीचं पाणी भरून लांबून जातो, मान खाली घालून. ती लाथ अजून ठणकते. लिही पोरी, आणि नाव नीट लिही. इयाकोबा.