ढगळ कोट

शेरीफच्या कचेरीची गाडी मागे येऊन थांबली, तेव्हा नोलाने दोन्ही हात सुकाणूवर ठेवले. दहाही बोटे बाहेरून दिसतील असे. इंजिन केव्हाच बंद पडले होते. फुटलेल्या रेडिएटरमधून वाफेची बारीक रेघ वर चढत होती, आणि पुढे रस्त्याकडेच्या गोठलेल्या गवतात, तिच्या गाडीने जिला उडवले होते ती हरिणी पुढच्या दोन पायांवर उठू पाहत होती. मागचे पाय तिला साथ देत नव्हते. दर खेपेस ती उठे, मान ताणून रानाकडे पाही आणि पुन्हा खाली बसे. नोव्हेंबरातली सकाळ होती, सात वाजून गेलेले. पाइनच्या रांगांमागे उजाडू लागले होते.

नोलाच्या उजव्या कमरेला, कोटाच्या आत, चामड्याच्या म्यानात पिस्तूल होते. ते बाळगण्याचा परवाना तिच्याजवळ होता. परवान्याआधीचा वर्ग मार्जी कोवाल नावाच्या निवृत्त शिक्षिकेने चर्चच्या तळघरात घेतला होता, आणि एक वाक्य तिने सर्वांकडून घोटून घेतले होते. पोलिसांशी गाठ पडली की हात दिसते ठेवायचे आणि पहिले वाक्य बोलायचे ते हेच, की माझ्याजवळ परवाना आहे आणि हत्यार आहे. मिशिगनचा कायदाच तसा. न सांगणाऱ्याला दंड होतो, आणि परवाना सहा महिन्यांसाठी जातो.

नोला नियमाने चालणारी बाई होती. वयाच्या एकसष्टाव्या वर्षीही वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात ती सातच्या ठोक्याला हजर असे. आज सतरा वर्षांत प्रथमच उशीर होणार होता. पोलिसांची तिला भीती नव्हती. तरीही ते घोटलेले वाक्य बोलणे तिच्या जिवावर आले होते, त्याचे कारण चार मैलांवरच्या एका स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलेले होते.

पोलिसांचे वायरलेसवरचे बोलणे ऐकवणारा तो एक काळा खोका. या भागात तो घरोघर असतो. कोणाच्या कोठाराला आग लागली, कोणाचा मुलगा पिऊन गाडी चालवताना सापडला, हे म्हाताऱ्या माणसांना वर्तमानपत्राच्या आधी त्यातून कळते. त्या विशिष्ट खोक्यावरची धूळ नोलाने बावीस वर्षे स्वतःच्या हाताने पुसली होती. व्हर्न, तिचा घटस्फोटित नवरा, याच कचेरीत तीस वर्षे डेप्युटी होता. निवृत्तीनंतरही सात वाजता कॉफीचा दुसरा पेला भरून तो खोक्यापाशी बसे. आजही बसलेला असणार.

संसाराच्या पंधराव्या वर्षी त्याने तिचे मनगट मोडले. चौकशीला आलेले तिघे त्याचे सहकारी होते. तिच्याच टेबलाशी बसून त्यांनी तिच्याच हातची कॉफी घेतली, तीही तिने एका हाताने ओतलेली, आणि ‘बर्फावर पाय घसरला’ असे लिहून नेले. पुढे घटस्फोटाच्या वेळी त्याने तिच्या घराजवळ फिरकू नये असा हुकूम तिने मागितला. न्यायाधीशांनी पुरावा विचारला. पुरावा म्हणून जे होते, ते बर्फाचेच कागद होते.

गेली नऊ वर्षे व्हर्नने तिला बोटही लावले नव्हते. तो फक्त येई. काही संध्याकाळी त्याची पिकअप तिच्या घरासमोर रस्त्यापलीकडे उभी राही, दिवे बंद करून. अर्धा तास, कधी तासभर. मग निघून जाई. रस्ता सार्वजनिक होता. त्याविरुद्ध कोणाकडे तक्रार करावी असे कलम नव्हते.

अकरा महिन्यांपूर्वी, तिसऱ्या गावी जाऊन, तिने पिस्तूल घेतले. ते दिसू नये म्हणून दिवंगत भावाचा, लेनचा, ढगळ कोट अंगात घालू लागली. उन्हाळ्यातही. बाहेरगावच्या मैदानावर मार्जीचे पिस्तूल घेऊन ती नेम शिकली. स्वतःच्या पिस्तुलातून तिने अद्याप एकही गोळी झाडली नव्हती. हत्याराने तिला धैर्य आले होते असे म्हणता येणार नाही. तिला झोप येऊ लागली होती, एवढेच. दिवे विझवलेल्या त्या पिकअपमध्ये बसलेल्या माणसाला ठाऊक नसलेली एक गोष्ट या जगात होती, आणि ती तिची होती.

आता ती सांगायची होती.

काचेवर टकटक झाली. बाहेर पंचविशीच्या आतला डेप्युटी होता.

“मॅडम, लागलं का कुठं?” आणि मग वाकून चेहरा पाहत, “अरे, नोलाकाकू तुम्ही! मी कोल्बी. रेन्सांचा धाकटा. तुमच्याकडे भोपळ्याचा गोड पाई खायला यायचो बघा मी.”

नोलाने त्याला ओळखले. क्षणभर तिला वाटले, बोलू नये. हा ओळखीचा मुलगा. कोट उघडायला थोडाच सांगणार आहे? पण सतरा वर्षांचा नियमितपणा एका सकाळीत मोडत नाही. आणि परवाना गेला तर, समोर ती पिकअप उभी असताना, सहा महिने रिकाम्या कमरेने घरच्या खिडकीशी बसायचे होते. तिने ते वाक्य मार्जीने शिकवले होते तसेच, संथपणे, एकही शब्द न गाळता म्हटले.

कोल्बीचा हात आपसूक स्वतःच्या कमरेकडे गेला, आणि मग त्यालाच त्याची लाज वाटली.

“तुम्ही? पिस्तूल?” तो हसला. “काय काकू, धुलाईघरात चादरी पळवायला येतात की काय लोक?”

तिला खाली उतरवून त्याने अतिशय सभ्यपणे कोटाची कड बाजूला केली, पिस्तूल काढले, गोळ्यांचे मॅगझिन वेगळे केले आणि दोन्ही वस्तू आपल्या गाडीच्या बॉनेटवर ठेवल्या. काम संपेपर्यंत तिथेच राहतील, तशी पद्धत आहे, म्हणाला. मग तो परवाना घेऊन वायरलेसकडे वळला, तेव्हा नोलाने त्याच्या बाहीला हात लावला.

“कोल्बी, हे रेडिओवर सांगू नको. फोन कर हवं तर.”

“नाही चालत काकू. हत्यार असलं की नंबर रेडिओवरच द्यायचा. बाकीच्या गाड्यांना कळायला पाहिजे ना.”

“व्हर्न ऐकतो.”

“मग ऐकू द्या की. सरांना बरंच वाटेल. मी कामावर नवा होतो तेव्हा तेच माझ्या शेजारी बसायचे रोज. गाडी कशी थांबवायची, माणसाशी कसं बोलायचं, सगळं त्यांच्याकडून शिकलो मी.” तिच्या चेहऱ्याकडे पाहून तो थोडा घुटमळला. “तुमचं दोघांचं जे काय झालं ते झालं. पण माणूस सोन्यासारखा आहे हो.”

नोलाने त्याच्या बाहीवरचा हात काढून घेतला. जे सांगायचे होते त्याला एक सकाळ पुरली नसती, आणि पुरली असती तरी या मुलापाशी ते ठेवायला जागा नव्हती.

गाडीचे दार उघडे ठेवून तो बोलला. तिचे नाव, आडनाव, जन्मतारीख, परवान्याचा क्रमांक. मग, मुलगा कामात नेटका होता म्हणून, हेही: पिस्तूल, सात गोळ्या, उजव्या कमरेला, कोटाच्या आत. नोला ऐकत उभी राहिली. त्या स्वयंपाकघरात पेला टेबलावर टेकल्याचा आवाज आपल्याला इथे ऐकू आला, असे तिला वाटले.

हरिणी पुन्हा उठली आणि बसली. तिच्या नाकाशी वाफेचे लहान लहान ढग येत होते.

“तिला सोडव रे आता,” नोला म्हणाली.

कोल्बीने मान खाजवली. आपल्या पिस्तुलातून एक गोळी गेली की तीन पाने लिहावी लागतात, साहेबाची सही लागते. कधी कधी जनावर आपणच जाते, असे तो काहीसे पुटपुटला.

“मग माझं दे. मी करते.”

“तुमच्या हातात कसं देऊ काकू? चौकशी चालू असताना नाही बसत कायद्यात.”

तो वही उघडून धडकेची वेळ आणि जागा लिहू लागला. नोला हरिणीच्या जवळ जाऊन, तिला भय वाटणार नाही इतक्या अंतरावर उभी राहिली. त्या मोठ्या, ओल्या डोळ्यांत तिला दोष दिलेला दिसला नाही. दिसता तर बरे वाटले असते.

पंधरा मिनिटे गेली असतील. वळणावर पिकअपचा आवाज आला. तो नोलाने मान न वळवता ओळखला. नऊ वर्षे अंधारात ऐकलेला आवाज होता तो.

व्हर्न उतरला. सत्तरी उलटली होती, पण पाठ ताठ, दाढी नीट केलेली. हातात थर्मास होता. त्याने प्रथम कोल्बीला कॉफी ओतून दिली, आई कशी आहे म्हणून विचारले, गाडीचा मोडलेला पुढचा भाग पाहून चुकचुकला. नोलाकडे त्याने पाहिलेही नाही. मग तो बॉनेटपाशी गेला.

“हे हिचं?”

“हो सर.”

त्याने पिस्तूल उचलले, तळहातावर तोलले. हरिणीकडे पाहिले.

“आणि हिला अजून अशीच ठेवलीय व्हय रे?”

कोल्बीने तीन पानांचे पुन्हा सांगितले.

“लेका, ती पानं तुझ्या पिस्तुलाला. ह्याला कुठंत पानं?” व्हर्न म्हणाला आणि मॅगझिन सहज आत सरकवले.

कोल्बी वहीत पाहू लागला. आधी लिहिलेलीच वेळ तो पुन्हा गिरवीत होता. व्हर्न गवतातून चालत गेला. त्याची चाल शांत होती. नोला बाजूला झाली नाही. त्यालाच तिला वळसा घालावा लागला. तो वाकला, हरिणीच्या कानामागे नेम धरला. एकच आवाज झाला. पाइनमधून कावळे उठले. हरिणीची मान गवतावर अशी टेकली, की जणू तिला इतका वेळ तेवढेच करायचे होते.

परत येताना त्याने गोळ्या काढून मोजल्यासारख्या मुठीत घेतल्या, रुमालाने पिस्तूल पुसले, आणि त्याची मूठ तिच्या बाजूला करून, शिष्टाचाराने, ते तिच्यापुढे धरले. आता प्रथमच त्याने तिच्याकडे पाहिले.

“गोळी उजवीकडं ओढतं जरा. ध्यानात ठेव.” मग हलकेच हसून, “आत्ता कळलं. म्हटलं, सगळा उन्हाळा लेनचा कोट घालून कशी फिरते ही, उकडत नाही का हिला.”

नोलाने पिस्तूल घेतले. सहा गोळ्या घेतल्या.

“कोल्बी,” ती म्हणाली, “गोळी कोणी झाडली ते लिही.”

मुलाचे कान लाल झाले. “हरणाच्या रिपोर्टात तसा रकाना नाही, काकू.”

एक रकाना मात्र होता. ज्याच्या गाडीने जनावर मारले, त्याचा मांसावर पहिला हक्क. कोल्बीने विचारले, नोलाने मान हलवून नकार दिला. मग वाया कशाला घालवायचे, म्हणत व्हर्न पुढे झाला. रीतसर कागद झाला, सह्या झाल्या, आणि दोघांनी मिळून हरिणी पिकअपमध्ये चढवली. कोल्बीने मागचे पाय धरले होते.

मोडकी गाडी न्यायला ओढगाडी आली, तिने नोलाला वृद्धाश्रमापाशी सोडले. दिवसभर तिने चादरी घड्या केल्या. म्यानात परत गेलेले पिस्तूल तासभर तरी कोमट लागत होते. ते गोळी झाडल्यामुळे, की वाळवणयंत्राच्या उष्म्यामुळे, हे तिला ठरवता आले नाही. जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी विचारले, काय गं, बंदूक बाळगतेस म्हणे? विचारणारीच्या सासऱ्याकडेही खोका होता.

संध्याकाळी बरोबर काम करणाऱ्या आयलीनने तिला घरी आणून सोडले. पायरीवर खाटकाकडच्या पांढऱ्या कागदात बांधलेले एक पुडके होते. हरणाचे बाकीचे मांस काही दिवस टांगून ठेवतात, पण कण्याच्या आतल्या बाजूचे कोवळे मांस त्याच दिवशी काढतात आणि घरच्या बाईला देतात. बावीस हिवाळे ते तिला असेच मिळाले होते. कागदावर काळ्या पेन्सिलीने तारीख होती. तिचे नावही होते, त्याच टपोऱ्या, काळजीपूर्वक काढलेल्या अक्षरांत.

तिने ते आत घेतले नाही, फेकलेही नाही. खुर्ची खिडकीशी ओढून ती बसली. त्या संध्याकाळी रस्त्यापलीकडे पिकअप आली नाही. आता तिची गरज नव्हती.

सकाळी आयलीनने बाहेरून हॉर्न वाजवला. नोलाने सवयीने खुंटीवरचा कोट काढला, क्षणभर हातात धरला. लेनच्या तंबाखूचा वास त्याला अजून होता. मग तिने तो परत खुंटीवर अडकवला, बाह्या नीट केल्या, आपला आखूड निळा स्वेटर घातला आणि पट्टा त्याच्यावरून बांधला. पिस्तूल उजव्या कमरेला, उघडे.

बाहेर कडाक्याची थंडी होती. पुडक्यावर रात्रभर हिम साचून त्याचा दगड झाला होता. पेन्सिलीची अक्षरे मात्र स्पष्ट वाचता येत होती. नोलाने ते ओलांडले आणि ती गाडीकडे चालू लागली.

“अगं, कोट?” आयलीनने काच खाली करून विचारले.

“नको,” नोला म्हणाली. “आता कशाला?”