दहा स्टोन चार पौंड

मी एक जुना खुर्चीचा काटा आहे. माझ्या लाल कातडी बैठकीवर घोड्यांच्या शर्यतीतले जॉकी बसत आणि पितळी तबकडीवर त्यांचं वजन स्टोन आणि पौंडात दिसे; चौदा पौंडांचा एक स्टोन. बालिनारा गावच्या मैदानावर वर्षातून पाचच दिवस शर्यती असत. उरलेले तीनशे साठ दिवस माझ्या वजनाच्या खोलीला कुलूप. मी आपला शून्यावर बसून राही.

मित्रांनो, प्रत्येक घोड्याने किती वजन वाहायचं ते ठरलेलं असतं. कमी पडलं तर खोगिराखालच्या कापडात शिसं घालतात. शर्यत संपली की जॉकीने खोगीर स्वतःच माझ्यापर्यंत आणायचं. वाटेत दुसऱ्या कुणाचा हात लागला तर जिंकलेली शर्यतही रद्द होते.

फिंटन क्वर्क हा जॉकी वीस वर्षं माझ्यावर बसला. टेकताना हळूच विचारी, "कसा आहेस, म्हाताऱ्या?" मला असं दुसरं कुणी विचारत नसे.

एकदा तो मॅग्पाय नावाच्या घोडीवर होता. तिचा भाव एकाला तेहतीस, म्हणजे ती जिंकेल असं बुकींना मुळीच वाटत नव्हतं. शर्यतीआधी पंधरा मिनिटांत सगळ्या गावाने तिच्यावर पैसे लावले आणि घोडी जिंकली! पण धावताना फिंटनचा खांदा निखळला होता. परत येताना खोगीर त्याच्या हातून निसटलं. ते चिखलात पडणार, तोच त्याची बहीण नुआला धावली. तिने ते झेललं आणि पुन्हा त्याच्या हातात दिलं.

तो खोगीर घेऊन माझ्यावर बसला. वजन पाहणारे हॅनराहनसाहेब म्हणाले, "दहा स्टोन चार पौंड. बरोबर."

"बरोबर असणारच की!" दारातून एक बुकी ओरडला. "धावताना टेकडीमागे कुणाला दिसत नाही तिथे शिसं टाकलं, बहिणीने खोगीर धरताना परत घातलं!"

"अहो, तिने पडतं खोगीर धरलं फक्त," फिंटन म्हणाला.

"आणि ही घोडी जिंकणार असं अख्ख्या गावाला काय स्वप्न पडलं होतं?"

"मीच सांगितलं गावाला. घोडी तयार होती, मला ठाऊक होतं."

साहेबांनी मान खाली घातली. "फिंटन, हात लागला तो लागला. ऊठ आता."

"नाही उठत, साहेब. इथे बसलोय तोवर माझं वजन बरोबर आहे. उठलो की मी चोर."

मी काटा जराही हलू दिला नाही. पण पुढच्या शर्यतीचे जॉकी खोळंबले होते. शेवटी तो उठला आणि मी शून्यावर आलो.

त्याचा परवाना गेला. तो पुन्हा कधी आला नाही. पुढे नवा काटा आला आणि मला मोडक्या कुंपणांबरोबर शेडमध्ये टाकलं. आता बैठक उंदरांनी कुरतडली आहे.

फिंटनने खरंच शिसं टाकलं होतं का? मला ठाऊक नाही. माझ्यावर जे बसतं तेवढंच मला कळतं. पण मित्रांनो, ती टेकडी खोलीपासून दहा मिनिटांवर होती. शिसं टाकलं असतं तर तिथल्या गवतात सापडलं असतं. त्या दिवशी तिकडे शोधायला कुणीही गेलं नाही. कुणाला चोर म्हणण्याआधी तुम्ही तेवढं चालून जा.