फुल टँक, झीरो बघून

"बाबा, तुम्ही आयुष्यात एकदा तरी चुकलायत का?"

प्रश्न केतकीचा स्वतःचा नव्हता. तिच्या वर्गातल्या श्रीतमा आणि शकुन या दोघींनी तो पैजेवर तिच्या गळ्यात मारला होता. "बाबांना विचारून दाखव, आणि ते काय म्हणाले ते शब्द न् शब्द येऊन सांग. मग पोटभर फुचका आमच्याकडून," असा सौदा होता. कलकत्त्याच्या फुचक्यासाठी, म्हणजे तिथल्या पाणीपुरीसाठी, माणूस काय वाटेल ते करतो, आणि केतकीला तर हल्ली बोलायला निमित्तच लागायचं. दोन वर्षांपूर्वी कोल्हापूरहून बदलीवर आलेली, कोपऱ्यात बसून डबा खाणारी केतकी आता उरली नव्हती. आताची केतकी वर्गात भांडायची, बसमध्ये हसायची आणि बंगालीत तर इतकं बोलायची की ऐकणाऱ्यालाच तहान लागावी.

तर प्रश्न विचारला गेला तो पेट्रोल पंपावर, रविवारी सकाळी, बाबा गाडीतून उतरून मीटरसमोर उभे असताना.

चंद्रकांत बापट, बँकेतले मोठे अधिकारी, पंपावर कधीही गाडीत बसून राहत नसत. "पंपावर बसून राहिलेला माणूस लुटला जातो," हे त्यांचं वचन घरात सगळ्यांना पाठ होतं. ते उतरत, मीटरच्या पुढ्यात उभे राहत आणि आकडा शून्यावर आहे याची खात्री करून घेत. ती एकट्याने करून भागत नसे. साक्षीदार म्हणून केतकीलाही उतरावं लागे. आई, म्हणजे सुनंदाबाई, निर्मलाआत्यासाठी केलेल्या पोह्यांचा डबा मांडीवर घेऊन आत बसून होती.

"चूक?" बाबा म्हणाले. नजर मीटरवर. मग पंपवाल्याला, "पेट्रोल, फुल करो. पहले झीरो दिखाओ." मग पुन्हा केतकीला, "चूक म्हणजे कशा अर्थी? घाईघाईने निर्णय घेणारे चुकतात. मी आधी बघतो, मग करतो. झीरो बघितलास ना?"

"बघितला."

"मग झालं तर."

केतकीने उत्तर मनात घोकायला सुरुवात केली, कारण शब्द न् शब्द सांगायचं होतं. ती घोकत होती, बाबा आकड्यांवर डोळे रोखून होते, आई डब्याचं झाकण दाबून धरत होती, आणि टाकी भरत होती. सगळं अगदी शिस्तीत चाललं होतं. खोट एवढीच की गाडी डिझेलची होती.

याआधी बापटांकडे नऊ वर्षं एक छोटी पेट्रोलची गाडी होती. ती विकून तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी बँकेतल्याच निवृत्त होणाऱ्या एका साहेबांकडून ही मोठी, डिझेलवाली गाडी घेतली. टाकी भरूनच मिळाली होती, त्यामुळे तिला पंपावर आणायची आज पहिलीच वेळ. त्या साहेबांनी टाकीच्या झाकणावर ठळक लाल अक्षरांत 'डिझेल' असं रंगवून घेतलं होतं. पण बापट मंडळींनी गाडी घरी आणल्यावर रीतसर पूजा केली, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, आणि गणपतीचा एक सुंदर स्टिकर लावला. कुठे? नेमका त्या झाकणावर. पंपवाल्याने झाकण उघडताना बाप्पाला मनोभावे नमस्कार केला आणि सांगितलं होतं ते भरलं. विघ्नहर्त्याने विघ्न असं झाकून ठेवलेलं क्वचितच कुणी पाहिलं असेल.

गाडी निघाली सियालदहला. दार्जिलिंगची सहल आटोपून आत्या तिथे उतरणार होती. आत्या नुसती पाहुणी म्हणून येत नव्हती, ती केतकीला न्यायला येत होती. बाबांची बदली अजून दोन वर्षं तरी कलकत्त्यातच होती, पण दहावीचा निकाल लागल्याबरोबर त्यांनी ठरवून टाकलं होतं: केतकीने पुण्याला आत्याकडे राहायचं, अकरावी-बारावी तिथे, क्लासही तिथेच. एक कारण क्लासचं होतं. दुसरं कारण आत्याने फोनवर ऐकलं होतं. "थांब हं आत्या, जरा पाणी खाऊन येते," असं केतकी एकदा सहज बोलून गेली होती. बंगालीत पाणी खातात, त्याला ती काय करणार? पण आत्याने त्याच दिवशी बाबांना फोन करून सांगितलं, "चंदू, मुलगी पाणी खायला लागली. तिला आता तिथे ठेवू नकोस."

मंगळवारची तिकिटं काढून झाली होती. केतकीला कुणी विचारलं नव्हतं. तीन गावं, चार शाळा बदलून झाल्यावर पहिल्यांदाच एका ठिकाणी तिला मैत्रिणी मिळाल्या होत्या, आणि आता ते ठिकाणच सोडायचं होतं.

"बाबा," ती मागच्या सीटवरून पुढे वाकली. मघाच्या प्रश्नाने ते खुशीत दिसत होते. "मी इथेच राहिले तर? आमच्याच शाळेत अकरावी आहे. क्लास इथेही आहेत."

बाबांनी आरशात पाहिलं. "बघू," ते म्हणाले. "आत्या येऊ दे. तू समंजसपणे वागलीस, उगीच आगाऊपणा केला नाहीस, तर विचार करू."

आईने मान वळवून केतकीकडे पाहिलं. 'विचार करू' हे शब्द या घरात गेल्या सोळा वर्षांत कुणी ऐकले नव्हते. केतकीने ओठ घट्ट मिटून घेतले. समंजस! सियालदहपर्यंत ती आता दगडासारखी समंजस बसणार होती.

श्यामबाजारची गर्दी टाळायची म्हणून बाबांनी गाडी बागबाजारच्या गल्लीत घातली, आणि तिथे गाडीला उचक्या लागल्या. मग ती खोकली. मग मागून पांढरा धूर सोडत, आजारी म्हशीसारखं हुंकारून एका जुन्या घराच्या रकासमोर उभी राहिली. रक म्हणजे घराबाहेरचा दगडी कट्टा. रविवारी सकाळी त्यावर पाड्यातली, म्हणजे त्या मोहल्ल्यातली, निम्मी पुरुषमंडळी चहा घेऊन बसलेली असते आणि काहीतरी घडावं म्हणून वाट पाहत असते. आज घडलं.

बाबांनी चावी फिरवली. घुर्रर्र. पुन्हा फिरवली. घुर्रर्र.

"की होलो, दादा?" लुंगीवर पांढरा गंजी घातलेले एक सत्तरीचे गृहस्थ आधीच खिडकीपाशी पोचले होते. सगळे त्यांना घोषालजेठू, म्हणजे घोषालकाका, म्हणत होते, आणि इतरांनी आपापली मतं त्यांच्याचमार्फत मांडायची असा तिथला रिवाज दिसत होता.

"कुछ नहीं, कुछ नहीं. दमट हवा है ना इधर की," बाबा म्हणाले आणि चावी आणखी एकदा फिरवली.

"अहो, नका हो सारखी फिरवू," आई म्हणाली.

"तुला गाडीतलं काय कळतं?"

घोषालजेठूंनी कुठले, काय विचारलं. केतकीने बंगालीत सांगितलं, महाराष्ट्रातले. झालं! जेठूंचा चेहरा उजळला. "बर्गी!" ते ओरडले. बर्गी म्हणजे एके काळी बंगालवर चालून आलेले मराठे स्वार. रकावर हशा पिकला. "अगं पोरी, तुमच्या घोडेस्वारांना अडवायला लोकांनी इथेच खंदक खणायला घेतला होता. तेव्हा तुम्ही आलाच नाहीत. खंदक बुजला, लोक विसरले, आणि आज गाडी घेऊन आलात आणि आपणहून अडकलात?"

केतकी खळखळून हसली. बाबांना काय बोलणं चाललंय ते कळलं नाही, पण हसतायत हे कळलं, आणि ते फार वाईट. ते खाली उतरले. छाती काढून म्हणाले, "भाईसाब, गाडी एकदम ठीक है. तेल में भेसळ है! अभी पंप पर टाकी फुल किया, और अभी ये हालत."

"भेजाल?" जेठूंनी केतकीकडे पाहिलं.

तिने भाषांतर केलं. ते तोंडातून निघताच रकावरचे चहाचे भाड, म्हणजे मातीचे पेले, खाली ठेवले गेले. तेलात भेसळ म्हणजे अन्याय, आणि रविवारी सकाळी अन्याय समोर चालून येणं म्हणजे केवढं भाग्य! कोणी भरलं, कुठल्या पंपावर, तो माणूस दिसायला कसा, सगळी चौकशी झाली. बाबांनी उत्साहाने माहिती पुरवली: टक्कल, चष्मा, उजव्या हाताला कडं. एकजण म्हणाला, त्याला ओळखतो, आपल्याच पाड्यातल्या मिनूचा सासरा तो. दुसरा म्हणाला, मग तर आधी त्याचीच कॉलर धरायची. तिसऱ्याने घोषणा काय द्यायची ते ठरवायला घेतलं. पंधरा माणसं जमली होती, पंचवीस झाली.

"त्याची नोकरी आज घालवतो," जेठू म्हणाले. "काय भरलं होतं म्हणालात?"

"डिझेल. फुल टँक," बाबा म्हणाले.

केतकीने बंगालीत सांगायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. सकाळपासून घोकलेलं उत्तर डोक्यात आपोआप सुरू झालं होतं. चूक? पेट्रोल, फुल करो. पहले झीरो दिखाओ. चूक म्हणजे कशा अर्थी?

तिने बाबांची बाही ओढली. हळूच, मराठीत म्हणाली, "बाबा. तुम्ही पेट्रोल म्हणालात."

"काहीतरीच."

"मी ऐकलं ना. पेट्रोल, फुल करो, असं म्हणालात."

"शक्य नाही," बाबा म्हणाले. "मी झीरो बघितला होता."

आईने डबा सीटवर ठेवला, खाली उतरली, गाडीच्या मागच्या बाजूला गेली, टाकीचं झाकण उघडलं आणि वास घेतला. मग नाकाला पदर लावून उभी राहिली. एवढं पुरे होतं. बाबांचा चेहरा आधी लाल झाला, मग राखाडी. पण ते मोर्च्याकडे बघून हसले आणि दातांमधून केतकीला म्हणाले, "आता लोकांसमोर काही बोलायचं नाही. समजलं? जाऊ देत त्यांना. आपण टॅक्सी करू. मघाशी गाडीत काय बोललो ते लक्षात आहे ना?"

लक्षात होतं. विचार करू. ते दोन शब्द तिच्या तळहातावर ठेवलेल्या बत्ताशासारखे होते. मूठ वळली तर चुरा, उघडी ठेवली तर वाऱ्याने जातील. गप्प बसलं तर पुणं टळेल. गप्प बसलं तर मिनूच्या सासऱ्याची कॉलर. आणि त्या माणसाने तर बाप्पाला हात जोडून, सांगितलं तेच भरलं होतं.

मोर्चा हलला. दोघे-तिघे पुढे निघालेसुद्धा.

"जेठू, थांबा!" केतकी ओरडली. शाळेतल्या वादविवादात शेवटच्या बाकापर्यंत पोचतो त्या आवाजात, अस्खलित बंगालीत, हात वर करून. "त्या काकांची काही चूक नाही. गाडी डिझेलची आहे. पेट्रोल माझ्या बाबांनीच सांगितलं. मी शेजारी उभी होते."

वरच्या मजल्यावर कपडे वाळत घालणारी बाईसुद्धा थांबली. बाबांना बंगाली येत नव्हतं, पण 'पेट्रोल', 'डिझेल' आणि 'बाबा' हे तीन शब्द कळायला भाषा लागत नाही.

घोषालजेठूंनी खोल निःश्वास टाकला. "एवढं चांगलं आंदोलन!" ते खरोखर हळहळले. "जन्मायच्या आधीच गेलं." मग ते बाबांच्या खांद्यावर हात ठेवून हिंदीत म्हणाले, "कोई बात नहीं, दादा. मेरे भायरा ने तो टंकी में पानी डाला था." भायरा म्हणजे साडू. त्यावर आणखी कुणाच्या मेव्हण्याने काय घातलं याच्या कहाण्या सुरू झाल्या आणि चहा पुन्हा आला. सगळ्यांनी मिळून गाडी बाजूला ढकलली. टाकी रिकामी करणाऱ्या मिस्त्रीला फोन करताना कुणीतरी बजावलं की चावी आता अजिबात लावायची नाही. बाबांच्या हातातून ती आईने काढूनच घेतली.

बाबांना रकावर बसवण्यात आलं. हातात भाड, नजर जमिनीवर. जरा वेळाने ते पुटपुटले, "हा स्टिकर नसता तर हे झालंच नसतं. तिथे कशाला लावायचा होता?"

"अहो, तुम्हीच लावायला सांगितलात," आई म्हणाली. "ती लाल अक्षरं गावंढळ दिसतात, झाकून टाक, असं म्हणाला होतात."

बाबांनी चहाचा घोट घेतला. तो गरम असावा.

इतक्यात आत्याचा फोन आला. ती सियालदहच्या फलाटावर सामानावर बसून होती आणि चंदू कुठे मेला म्हणून विचारत होती. आईने तिला टॅक्सी करून बागबाजारलाच ये म्हणून सांगितलं, आणि कारण विचारल्यावर, "ये, मग सांगते," म्हणाली. इतकं संयमाचं बोलणं फक्त आईलाच जमतं.

फोन ठेवल्यावर बाबा केतकीकडे वळले. आवाज हळू होता, बँकेत कर्ज नाकारताना असेल तसा. "चारचौघांत हे करायची गरज होती? मी विचार करणार होतो. आता तो प्रश्नच संपला. मंगळवारी तू आत्याबरोबर जाणार."

केतकीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते तिने येऊ दिलं. पुसत बसलं असतं तर बोलायचं राहिलं असतं.

"बाबा, तुमच्या विचारावर मी थांबले होते म्हणून मघाशी जवळजवळ गप्प बसले होते," ती म्हणाली. "मला तसं व्हायचं नाहीये. म्हणून आता मी विचारत नाही, सांगतेय. आई, तूही ऐक. मी पुण्याला जाणार नाही. अकरावी माझ्याच शाळेत करणार. उद्या सकाळी नाव घालायला जाणारे; तुमच्यापैकी एकाची सही लागेल, ती मी रोज मागणार. रागवा, बोलू नका, काहीही करा, मी मागणार. आणि आत्या टॅक्सीतून उतरली की हे तिला मीच सांगणार आहे. तुम्ही दोघांनी मध्ये बोलायचं नाही."