गोल अंगठ्यांचा अर्ज

तीन महिन्यांत इंदुताईची कोर्टातली ही पाचवी खेप. सावलीजवळच्या तिच्या गावात काही मातब्बरांनी सार्वजनिक विहिरीभोवती भिंत घालायला घेतली होती. त्या विहिरीवर बौद्ध मोहल्ल्याचाही हक्क आहे, असा निकाल दीक्षेनंतरच्या वर्षी, १९५७ सालीच लागला होता. सोमवारी तारीख होती. तोवर निकालाची नक्कल हाती आली नाही, तर मोहल्ल्यानं पुन्हा नाल्यात झरा उकरून पाणी भरायचं. या विचारानं शाळामास्तरीण इंदुताईला अन्न गोड लागत नव्हतं.

निकाल होता, पण कुठे? रेकॉर्ड सांभाळणारे गुणवंतराव भले गृहस्थ. त्यांच्याआधीच्या प्रत्येक साहेबाची मात्र नवी विटी, नवं राज्य. एकानं गठ्ठे गावाप्रमाणे बांधले. दुसऱ्यानं ते सोडून सालाप्रमाणे नंबर घातले, अन् नंबरांचं रजिस्टर वाळवीनं खाल्लं. तिसऱ्यानं पहिल्या अर्जदाराच्या नावानं यादी केली. तेवढ्यात जिल्हा फुटला, अन् निम्मे गठ्ठे नदीपलीकडे गडचिरोलीला जाऊन परत आले. एक ना धड, भाराभर चिंध्या!

खरं सांगायचं तर इंदुताईला आता या चिंध्यांचा नादच लागला होता. कोणाचा बैल कोणाच्या धानात शिरला, कोणी कोणाचा बांध फोडला, सगळं ती वाचत बसायची. फक्त तिच्या बाबांचं, लटारूचं, नाव सापडत नव्हतं. केस लटारूनं लढवली, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पण यादीत 'ल'खाली लटारू नव्हता.

त्या दिवशी दुसऱ्याच गावचा एक अर्ज तिच्या हाती आला. खाली अंगठ्यांचं गोल रिंगण.

"गुणवंतभाऊ, हे अंगठे गोल काऊन?"

"पहिला कोन ते कळू नये म्हून, बाई. पहिल्यालेच धरून मारत ना लोकं."

"मंग तुमच्या यादीत पहिला अर्जदार कोन?"

गुणवंतराव हसले. "बाबू कागद सरळ धरे. सगळ्यात वर ज्याचा अंगठा, त्याले पहिला लिहे."

इंदुताई ताठ बसली. आपल्या गावचा अर्जही असाच गोल असेल तर? मोहल्ल्यातल्या त्या वेळच्या सतरा माणसांची नावं तिनं आठवून आठवून सांगितली. एकही सापडलं नाही.

"आता बायाची नावं पाहा, भाऊ."

"बाया कुठी कोर्टात येत होत्या तवा?"

"अन् पानी कोन भरत होतं तवा?"

गुणवंतरावांनी पान उलटलं. 'स'खाली सातवी ओळ होती: सीता लटारू. गठ्ठा निघाला. रिंगणात सगळ्यात वरच्या अंगठ्यावर विळ्याचा आडवा वण होता. लहानपणापासून ओळखीचा तो वण पाहून इंदुताईला रडूच आलं.

शनिवारी शिक्क्याची नक्कल घेऊन ती घरी आली. सत्तरीची सीताबाई अंगणात लाखोळीची डाळ पाखडत होती.

"माय, पहिला अंगठा तुहा होता?"

"मानसं 'तू लाव, तू लाव' करून राह्यले होते. मले पान्याले जायाले उशीर होऊन राह्यला होता. देल्ला लावून."

"मंग तीन महिने सांगितलं काऊन नाई?"

सीताबाईनं सूप खाली ठेवलं.

"तू तं बाबाले शोधून राह्यली होती. मले कवा इचारलं?"